उन्हात टिकणारे यीस्ट आणि कोरडवाहूचा वाटा



मे महिन्यात वलगावच्या बैठकीत इथेनॉलचा विषय निघाला. विषय नवा नव्हता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते, त्याचा पैसा उसाला मिळतो, मक्याला मिळतो, मग ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडानेच काय पाप केले, हा प्रश्न. उत्तरेही नेहमीचीच आली. कोणी म्हणाले, आपले पुढारी कमी पडले. कोणी म्हणाले, सगळे पश्चिम महाराष्ट्राने पळवले. दोन्हीत तथ्य असेल. पण गावातलाच, सायन्स शिकणारा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, एक कारण कोणत्याच पुढाऱ्याच्या हाती नाही. आपल्याकडे ऊन फार आहे."

सगळे हसले. उन्हाचा आणि इथेनॉलचा काय संबंध? पोराने वाद घातला नाही. त्याने दोन बाटल्यांत गुळाचे पाणी भरले, दोन्हींत बेकरीत वापरतात ते यीस्ट टाकले आणि तोंडाला फुगे बांधले. एक बाटली खोलीत कूलरजवळ ठेवली, दुसरी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये. टिनाखालचा फुगा आधी भराभर फुगला. आम्हाला वाटले, उन्हाने काम लवकर होते, पोरगा चुकला. दुपारनंतर तो फुगा जागच्या जागी राहिला. कूलरजवळचा सावकाश फुगत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मोठा होता. टिनाखालच्या बाटलीत गूळ शिल्लक होता, पण गूळ खाणारे मेले होते.

त्या दोन बाटल्यांनी आम्हाला विचार करायला लावला. तो विचार जिल्ह्याच्या बैठकीपुढे मांडावा म्हणून हा लेख.

यीस्ट म्हणजे कारखान्यातला गडी

इथेनॉल यंत्र करीत नाही. यंत्र फक्त शिजवते, गाळते आणि ऊर्धपातन करून पाणी वेगळे काढते. साखरेचे इथेनॉल करण्याचे खरे काम यीस्ट नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव करतो. तो साखर खातो, निम्म्याचे अल्कोहोल करतो आणि निम्मी वायू होऊन उडून जाते. हिशेब करायचा तर १०० किलो ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ५१ किलो अल्कोहोल निघू शकते. यापेक्षा जास्त कोणताही कारखाना काढू शकत नाही. कमी मात्र सहज निघते, आणि ते गडी किती दमला यावर ठरते.

हा गडी काम करताना स्वतःच गरम होतो. आंबवणाच्या टाकीत बाहेरचे ऊन नसले तरी आतून उष्णता वाढते. नेहमीचे यीस्ट ३० ते ३५ अंशांवर खुशीने काम करते. त्याच्या वर चढले की ते मंदावते, चाळिशी ओलांडली की बहुतेक बसकण मारते. शिवाय ऊन आणि अल्कोहोल यांचा मार एकत्र बसतो. टाकीत अल्कोहोल जितके जास्त साठेल तितके ते उन्हाला लवकर बळी पडते. म्हणजे ऐन माल तयार होण्याच्या वेळीच गडी आडवा होतो. तो आडवा झाला की उरलेल्या साखरेवर दुसरेच जंतू तुटून पडतात आणि टाकी आंबट होते.

म्हणून प्रत्येक डिस्टिलरी टाकी थंड ठेवते. थंड कशाने? पाण्याने.

आता वऱ्हाडातल्या माणसाला कूलर समजावून सांगायची गरज नाही. खसच्या ताट्यांवरून पाणी सोडले, पंखा लावला की खोली गार होते, कारण पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. कारखान्याचा कूलिंग टॉवर म्हणजे हाच कूलर, घराएवढा. आपल्या कोरड्या मे महिन्यात तो चालत नाही असे नाही, चांगला चालतो. पण कूलरची टाकी दिवसातून किती वेळा भरावी लागते ते घरातल्या बाईला विचारा. ज्या महिन्यात अमरावती आणि अकोल्याचा पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो, त्याच महिन्यात गावात टँकर येतो. माणसाला प्यायला पाणी नाही आणि यीस्टला गार करायला पाणी द्या, असे म्हणणारा कोणी आमच्यात तरी नाही.

त्यातही पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा आपला. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट भागातले भूजल खारट. ते यंत्राच्या नळ्यांतून फिरवले तर आत क्षार चढतो आणि नळ्या कोंडतात. पाणी आहे तेही या कामाचे नाही.

मळीची डिस्टिलरी साखर कारखान्याच्या शेजारी उभी राहते, कारण मळी तिथे तयार मिळते. कारखाना तिथे असतो, कारण ऊस तिथे असतो. आणि ऊस असतो पाण्याशेजारी. कोरडवाहू माणूस या साखळीत शिरतच नाही. पुढाऱ्यांनी पळवले असेल तेही खरे, पण पाण्याने आधीच वाट आखून ठेवली होती.

वाण निवडायचे ते आपल्यालाच ठाऊक

मग जो गडी ४० ते ४२ अंशांवरही काम करील असा शोधला तर? प्रत्येक अंशागणिक थंड करण्याचे पाणी आणि वीज वाचेल. धान्यापासून इथेनॉल करताना फायदा आणखी मोठा. आधी पीठ ८५-९० अंशांवर शिजवून पातळ करावे लागते. स्टार्चची साखर करणारे विकर ५५-६० अंशांवर जोमात असते. नंतर तेच सगळे यीस्टसाठी ३२-३३ पर्यंत खाली आणायचे. एकाला ऊन हवे, दुसऱ्याला सावली. दोघांना एकाच टाकीत ठेवायचे तर यीस्टच उन्हातले हवे.

असे यीस्ट ही कल्पनेतली गोष्ट नाही. 'क्लुव्हेरोमायसिस मार्क्सिएनस' हे त्यातले एक. १९९२ साली उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ५२ अंशांवर वाढणारे आणि ४५ व ५० अंशांवरही अल्कोहोल करणारे यीस्ट वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. नमुने कुठले होते? आपल्या भारतातल्या डिस्टिलरीचे. म्हणजे जो वाण आपल्याच उकाड्यात तयार झाला होता, तो आयर्लंडच्या थंडीत बसून ओळखला गेला. त्यांनी चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी शोधले, आपण शोधले नाही, एवढेच म्हणतो. इजिप्त हाही उन्हाचाच देश. तिथे अशीच निवड करून निवडलेले यीस्ट डिस्टिलरीच्या मोठ्या टाक्यांत वापरून पाहिले आणि २००० साली निकाल छापले.

निवड कशी करतात हे ऐकले तर आपल्यापैकी म्हातारी माणसे म्हणतील, हे तर आम्ही जन्मभर केले. हायब्रीड येण्यापूर्वी सोंगणीच्या आधी वावरात फिरून बियाण्याची कणसे कोण निवडत होते? ज्या वर्षी पावसाने ओढ दिली त्या वर्षीही जे कणीस भरले, ते बाजूला काढायचे, राखेत घालून ठेवायचे. प्रयोगशाळेतही तेच करतात. जिथे गोड काही आंबते तिथले नमुने आणायचे. गुऱ्हाळाची जागा, मळीची टाकी, सडकी फळे, मेळघाटातली मोहाची फुले. ते साखरेच्या पाण्यात घालून ३७ अंशांवर ठेवायचे. जे जगले ते ४० वर, त्यातले जगले ते ४२ वर, मग ४५ वर. शेवटी उरतील त्यांना वेगवेगळे करून प्रत्येकाला विचारायचे, तू नुसता जगतोस की कामही करतोस? साखर किती खातोस, अल्कोहोल किती देतोस, अल्कोहोल वाढले तरी टिकतोस का?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. उन्हात टिकणारे बरेच यीस्ट अल्कोहोलपुढे नेहमीच्या यीस्टपेक्षा लवकर माघार घेते. धांडा माणसापेक्षा उंच आणि कणीस बोटाएवढे, अशी ज्वारी काय कामाची? म्हणून दोन्ही गुण एका ठिकाणी आणावे लागतात. ज्वारीचा वाण तयार करायला दहा-बारा वर्षे जातात, कारण वर्षाला एक-दोन पिढ्याच मिळतात. यीस्टची पिढी दोन-तीन तासांत होते. महिन्याभरात शेकडो पिढ्या. दर आठवड्याला अर्ध्या अंशाने ऊन वाढवत गेले तर जे टिकते ते आपोआप निवडले जाते. याला मोठी जागा लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. चिकाटी लागते.

ही चिकाटी कोणी दाखवायची? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. साखर कारखानदारांनी आपल्या कामासाठी संस्था काढली आणि चालवली, हे त्यांच्या हुशारीचे लक्षण. आपल्या अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथे ज्वारीच्या वाणांवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले. ज्वारी त्यांची, ऊन त्यांच्या अंगणातले. ज्वारीचे पीठ आणि ४२ अंश, या दोन्हीला पुरून उरणारे यीस्ट शोधायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

यीस्ट आले म्हणजे भाव आला असे नाही

आता आम्ही इशारा देतो, कारण आपण फार वेळा फसलो आहोत. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर कोणीतरी येते आणि म्हणते, आता सोने पिकेल. यीस्टने सोने पिकणार नाही. हिशेब मांडून पाहा.

एक क्विंटल ज्वारीतून ३५ ते ४० लिटर इथेनॉल निघते. ३८ धरू. २०२३-२४ च्या हंगामात तेल कंपन्यांनी खराब धान्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६४ रुपये भाव दिला. ३८ लिटरचे झाले २,४३२ रुपये. त्याच वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव होता ३,१८० रुपये. म्हणजे कारखान्याने एक पैसाही खर्च केला नाही तरी चांगल्या ज्वारीचा हमीभाव त्यातून निघत नाही. मक्याचे पाहा. मक्याच्या इथेनॉलला त्याच वर्षी ७१ रुपये ८६ पैसे दिले. ३८ लिटरचे २,७३० रुपये आणि मक्याचा हमीभाव २,०९०. कारखाना मक्याकडे का धावला, हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. भाव सरकारने ठरवला, कारखाना त्यामागे गेला. ज्वारीचे नाव त्या दरपत्रकात वेगळे नव्हतेच.

तेव्हा चांगली ज्वारी माणसाने खावी, आणि तिला खाणाऱ्याकडूनच भाव मिळावा. प्रश्न आहे काळ्या ज्वारीचा. कणीस पक्व झाले आणि परतीचा पाऊस आला की खरिपाची ज्वारी बुरशीने काळी पडते. व्यापारी ती हातात घेऊन बघतो आणि निम्म्याने भाव पाडतो. या धास्तीनेच वऱ्हाडातल्या कितीतरी वावरांतून ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. उरलेसुरले रानडुकरांनी संपवले. कडबा गेला, तशी दावणीची जनावरेही गेली. काळ्या ज्वारीला जर पेरणीच्या आधी ठरलेला, लेखी भाव असेल, तर ज्वारी पेरण्याची निम्मी भीती जाईल. या ठिकाणी इथेनॉल आपल्या कामाचे आहे.

त्यातही एक काळजी घ्यायची. बुरशीचे विष यीस्ट मारत नाही. इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो ढोरांचे खाद्य म्हणून विकला जातो, आणि धान्यातले विष त्या चोथ्यात साधारण तिप्पट दाट होते. तपासल्याशिवाय तो चोथा गव्हाणीत टाकू देता कामा नये. नाहीतर काळ्या ज्वारीचे चार पैसे मिळतील आणि दुभती म्हैस जाईल.

दुसरा रस्ता गोड धांड्याचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केले, 'मधुरा' हा वाण दिला आणि १९८० च्या दशकात सूर्याच्या उष्णतेवर अल्कोहोल काढण्याचे प्रयोगही केले. कणीस घरी, रस कारखान्याला, चिपाड ढोरांना, असा त्यांचा विचार होता आणि विचार नेक होता. २००७ साली आजच्या तेलंगणात संगारेड्डीजवळ रुस्नी डिस्टिलरीने इक्रिसॅटच्या साथीने गोड ज्वारीपासून इथेनॉल काढलेही. पण तो धंदा रुजला नाही. धांडा तोडला की दिवसा-दोन दिवसांत रसातली साखर उतरू लागते. हंगाम थोड्या आठवड्यांचा, कारखाना वर्षाचा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव आहे. धोरणात नाव असणे आणि गावात खरेदीचा काटा असणे, यांत फार अंतर आहे. खरेदीचा लेखी करार हातात नसताना कोणी गोड ज्वारी पेरायला सांगितली तर त्याला चहा पाजावा आणि रस्त्याला लावावे.

तिसरा रस्ता पऱ्हाटीचा. २०२२ साली पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना सुरू झाला. पेंढ्यातून निघते तर पऱ्हाटीतून का नाही? तत्त्वतः निघते. पण पऱ्हाटी लाकडासारखी कडक. तिच्यातला लिग्निन फोडणे महाग पडते, आणि लाकूड फोडून साखर करणारे विकर ५० अंशांच्या आसपास काम करते. इथेही उन्हातल्या यीस्टचीच गरज. बोंडअळीसाठी फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. उपटण्याची मजुरी मात्र कोणी देत नाही. पऱ्हाटीला दारात भाव मिळाला तर बोंडअळीचा बंदोबस्त न सांगता होईल. हे आज होणार नाही, पण होण्यासारखे आहे. तोवर आपली चूल पऱ्हाटीवर चालते हेही विसरू नये.

दारूचे काय?

वलगावात हा विषय काढायचा आणि गाडगेबाबांची आठवण काढायची नाही, हे शक्य नाही. २० डिसेंबर १९५६ ला याच पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. त्यांनी जन्मभर खराटा चालवला आणि दारूवर कोरडे ओढले. बैठकीतल्या एका मावशींनी उभे राहून सरळ विचारले, "तुमच्या या कारखान्यातून शेवटी दारूच येईल ना गावात?"

मावशींची शंका रास्त आहे. २००७ साली राज्य सरकारने ज्वारी-बाजरी-मक्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण आणले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. शेतकऱ्याच्या नावाने सवलत आणि गल्ल्यात दारूचा पैसा, हा खेळ आपण पाहिला आहे. म्हणून आमचे म्हणणे स्वच्छ आहे. इंधनाचे इथेनॉल जवळजवळ निर्जळ असते आणि पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात द्रव्य मिसळावे लागते. आमच्या ज्वारीच्या नावावर परवाना मिळणार असेल तर तो फक्त इंधनाचा असावा. बाटलीचा नसावा.

वाण कोणाचा?

शेवटचा मुद्दा मालकीचा. बियाण्याच्या पिशवीवर दरवर्षी किती पैसे जातात हे आपल्याला पाठ आहे. कणीस निवडण्याचे काम आपल्या हातून गेले त्या दिवसापासून पिशवी सुरू झाली. यीस्टचेही तेच होईल. आजच अनेक डिस्टिलऱ्या परदेशी कंपन्यांचे सुके यीस्ट पाकिटातून वापरतात. कंपनीने कमवावे, त्याला आमची हरकत नाही. पण जो वाण आमच्या उन्हात, आमच्या गुऱ्हाळात, मेळघाटातल्या कोरकू माणसाच्या मोहात सापडेल, तो सार्वजनिक पैशातून शोधला गेला तर सार्वजनिकच राहिला पाहिजे. जैवविविधतेचा कायदा २००२ साली झाला. त्यात गावाच्या समितीला आणि लाभाच्या वाट्याला जागा आहे. ती जागा वापरली नाही तर पुन्हा कोणीतरी थंड देशात बसून आपलाच वाण आपल्याला ओळखून देईल, आणि या वेळी बिलासकट.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीपुढे आम्ही पाच मागण्या ठेवतो. चर्चा व्हावी, बदल सुचवावेत आणि मग ठराव करावा.

१. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहाची मदत घेऊन, ज्वारीच्या पिठावर आणि ४२ अंशांवर काम करणाऱ्या यीस्टची निवड हाती घ्यावी. नमुने वऱ्हाड आणि मेळघाटातून, तिथल्या लोकांच्या संमतीने घ्यावेत.

२. निवडलेला वाण सार्वजनिक संग्रहात ठेवावा आणि लहान कारखान्याला, सहकारी संस्थेला परवडेल अशा दरात द्यावा.

३. काळ्या पडलेल्या ज्वारीच्या इथेनॉलचा आणि त्या ज्वारीच्या खरेदीचा भाव पेरणीपूर्वी जाहीर करावा. चोथ्याची विषतपासणी सक्तीची असावी.

४. वऱ्हाडात धान्याच्या कोणत्याही डिस्टिलरीला परवाना देण्यापूर्वी तिला वर्षभर, महिन्यागणिक किती पाणी लागेल आणि ते कोठून येईल, याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा.

५. ज्वारीच्या नावावरचा परवाना फक्त इंधनासाठी असावा.

यातली पहिली मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला धरण लागत नाही, अनुदान लागत नाही. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. आजवर त्या उन्हाने आपले पीक जाळले, विहिरी आटवल्या. त्याच उन्हात टिकणारा एखादा गडी निघाला तर तो आपला म्हणून ओळखायची तयारी आपण आताच ठेवू या. बाटल्यांचा प्रयोग ज्याला करून पाहायचा असेल त्याने घरी करून पाहावा आणि बैठकीला येताना दोन्ही फुगे घेऊन यावे.